ओवा नको, आधी ईसीजी

"गॅस झालाय, थोडा ओवा दे." काणकोणचे माझे काका त्या रात्री एवढंच म्हणाले. छातीत दुखत होतं, घाम फुटला होता, तरी 'सकाळी बघू' म्हणून थांबले. काका वाचले, पण हृदय कायमचं अशक्त झालं.

हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की तिथला स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. काणकोणहून बांबोळीचं गोमेकॉ मात्र 60 किलोमीटरहून लांब. म्हणून 2018 मध्ये सुरू झालेल्या 'स्टेमी गोवा' प्रकल्पाने वेगळी वाट धरली: रुग्णाआधी त्याचा ईसीजी तज्ज्ञापर्यंत पोचवायचा. जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढतात, तो ऑनलाइन जातो आणि काही मिनिटांत निदान येतं. गरज असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथेच, मोफत देतात. मग रुग्णवाहिकेतून पुढच्या उपचारांसाठी गोमेकॉत.

मी सॉफ्टवेअरवाला. माणसापेक्षा माहिती लवकर पोचते, हे मला रोज दिसतं. पण दुखायला लागल्यापासून घराबाहेर पडेपर्यंतचा वेळ कुठलीच यंत्रणा वाचवू शकत नाही. तो आपल्याच हाती आहे.

यंदा चतुर्थीला गावी जाल तेव्हा दोन कामं करा. ईसीजीची सोय असलेलं जवळचं केंद्र कुठलं ते विचारून ठेवा. आणि आईबाबांना बजावून सांगा: छातीत दुखलं, घाम फुटला, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच 108 फिरवायचा.