साजा, ऐन आणि मत्ती

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. माझं माहेर खानापूरचं, मराठी. सासर हल्याळचं, कन्नड. सासूबाईंना मी 'अत्ते' म्हणते आणि त्या मला रागवायच्या मात्र मराठीत!

2006 साली यजमानांना मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर काम मिळालं. सासरे नुकतेच गेले होते, म्हणून अत्तेंनाही सोबत नेलं. बालाघाटही आपल्यासारखाच सीमेवरचा जिल्हा. खाली गोंदियाच्या बाजूला, वैनगंगेच्या काठी, मराठी कानावर पडते. 1956 पर्यंत नागपूर हीच त्याची राजधानी होती. पण वर बैहरच्या डोंगराळ भागात हिंदी आणि गोंडी. अत्तेंना दोन्ही येत नव्हत्या. त्यांनी आपली ट्रंक उघडलीच नाही. "मला हल्याळला पोचवा," एवढा एकच धोशा.

आम्ही पोचलो तो मार्च महिना. एका संध्याकाळी त्यांना नाल्याच्या बाजूला फिरायला नेलं. तिथं एक उंच झाड उभं होतं. अंगावर पान नाही, फक्त वाळलेल्या फळांचे घोस. अत्ते थबकल्या. त्यांनी सालीवर हात फिरवला. काळपट, खोल भेगांची, चौकोनी खवल्यांची, थेट मगरीच्या पाठीसारखी साल.

"इदु नम्म मत्ती मर!" त्या म्हणाल्या. अगं, हे तर आपलं मत्तीचं झाड!

मीही ओळखलं. मत्ती म्हणजे आमचा ऐन. माहेरच्या घराच्या तुळया ऐनाच्याच. तुळई जन्मभर पाहिली, पण झाड कधी नीट पाहिलं नव्हतं. खाली पडलेलं फळ अत्तेंनी उचललं. त्याला पाच पंख होते. ते त्यांनी पदराला बांधलं.

दुसऱ्या दिवसापासून ते झाड त्यांचं झालं. तिथंच एक गोंड मावशी भेटल्या. त्या झाडाला 'साजा' म्हणत. गोंडांचा बडादेव साजात राहतो, म्हणून त्याला मान. त्याच्या सालीची राख विड्यात चुन्याऐवजी चालते, असं त्यांनी खुणांनी सांगितलं. अत्तेंनी हेच माहेरी ऐकलेलं. दोघींची भाषा वेगळी, पण पानाचा डबा एक झाला!

मे महिन्यात ऊन भाजून काढत होतं. पावसाचा थेंब नाही, तरी महिनाअखेरीस झाडाला मऊ लवेची कोवळी पानं फुटली. मला नवल वाटलं. काही ऐनांच्या खोडात पाणी साठलेलं असतं, हे मला नंतर कळलं. मार्च 2024 मध्ये आंध्रातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी अशा एका झाडाच्या फुगवट्याला छेद दिला, तेव्हा पाण्याची धार लागली. ही खूण त्यांना तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींनी सांगितली होती.

पावसाळ्याच्या तोंडावर फिकट, बारीक फुलांचे तुरे आले. पाकळ्या नसलेली ती फुलं सांगितल्याशिवाय दिसतही नाहीत. श्रावणात पानांवर अंगठ्याएवढ्या हिरव्यागार अळ्या दिसल्या. मी दचकले, तर मावशी हसल्या. त्या टसर रेशमाच्या अळ्या! ऐन आणि अर्जुन यांच्या पाल्यावर त्या वाढतात. पुढे फांदीला देठानं लटकलेले कोष दिसले, एखाद्या फळासारखे. अत्ते म्हणाल्या, "माझ्या लग्नातलं रेशीम असलंच असेल का गं?" मी म्हटलं, "नाही, ते तुतीवरचं." त्या थोड्या हिरमुसल्या.

त्याच रात्री ट्रंक उघडल्याचा आवाज आला. त्यांनी लग्नातलं लुगडं बाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी मावशींना दाखवायला नेलं. ट्रंक पुन्हा भरली नाही.

थंडीत पानं चामड्यासारखी जाड झाली. पानाच्या पाठीला देठाजवळ बारीक गाठी असतात, ती ओळख अत्तेंनीच दाखवली. फेब्रुवारीत पानं तांबूस होऊन गळू लागली. पंखांची फळं पुन्हा वाजू लागली. वर्ष पूर्ण झालं.

यजमानांचं काम संपल्यावर आम्ही परतलो. निघताना मावशी झाडाखाली आल्या होत्या. दोघी काही बोलल्या नाहीत. अत्तेंनी आपला पानाचा डबा त्यांच्या हातात दिला.

अत्ते आता नाहीत. पदराला बांधलेलं ते फळ त्यांनी परसात पेरलं होतं, ते उगवलं नाही. पण माझी मुलगी आज खानापूरच्या रानात खवल्यांची साल ओळखते आणि ऐन, मत्ती, साजा अशी तिन्ही नावं घेते. तुमच्या घरीही दोन भाषा असतील, तर अंगणातल्या झाडाचं दुसरं नाव आजीला आजच विचारून ठेवा.