अर्ध्या ग्रॅमचं ओझं

संपादकांना रणगाड्यांच्या प्रतिकृतींवर लेख हवा होता. पण दुसऱ्या महायुद्धातल्या शर्मन रणगाड्यांचे फोटो चाळताना माझी नजर तोफेवर ठरेना, ती मागच्या सामानावर जायची. वळकट्या, ताडपत्र्या, शिध्याची खोकी, पेट्रोलचे डबे. आत पाच माणसं आणि तोफगोळ्यांची दाटी, म्हणून सगळा संसार बाहेर बांधलेला. संग्रहालयात रणगाडे बहुधा रंगरंगोटी करून, मोकळ्या पाठीनं उभे असतात. सामान उरलं ते फोटोंत, आणि ते पुन्हा घडवणाऱ्या हौशी कारागिरांच्या टेबलावर.

इतिहास थोडक्यात. जपानमधल्या शिझुओकाची तामिया कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या मावायला हव्यात, या हिशेबानं त्याचं माप ठरलं, ते साधारण १:३५ भरलं आणि पुढे जगभर रूढ झालं. मात्र प्लास्टिकचे सुटे भाग पोलादी साच्यात तयार होतात. साचा सरळ उघडतो, त्यामुळे आत वळलेली चुणी त्यात निघत नाही आणि पिशवी गुळगुळीत उशीसारखी दिसते. सिलिकॉन रबराचा साचा वाकतो, त्यातून रेझिनची खोल चुणीसुद्धा सोडवता येते. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडन यांनी अशा रेझिनच्या सामानाचा मोठा पसारा उभा केला.

पण खरी गंमत गणितात आहे. लांबी पस्तिसाव्या हिश्शावर आली की वजन ४२,८७५ व्या हिश्शावर येतं. वीस लिटरचा भरलेला जेरीकॅन वीसेक किलोचा, तो इथे जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. एवढ्या वजनानं कापड दबत नाही, लोंबत नाही. म्हणजे इथे ओझं नसतंच, ते हातानं कोरावं लागतं.

ताडपत्रीची गुंडाळी घ्या. एपॉक्सी पुट्टीचे दोन भाग एकजीव मळायचे, टाल्कम पावडर भुरभुरून पातळ लाटायचे. ताजी पुट्टी बोटाला चिकटते, उशीर झाला तर चिरते. मधल्या वेळातच चुणी धरते. गुंडाळी मऊ असतानाच पट्टे आवळायचे, म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कापड फुगतं. मग ती प्रतिकृतीच्या पाठीवरच दाबून बसवायची, खाली पावडर टाकून, म्हणजे चिकटणार नाही. तळाला कडांचे ठसे उमटले नाहीत, तर कितीही सुंदर रंगवा, गुंडाळी अधांतरी दिसते.

पट्ट्यांसाठी वाइनच्या बाटलीच्या तोंडावरचं शिशाचं वेष्टण उत्तम: वळवाल तसं वळतं आणि तसंच राहतं. पण शिसं विषारी म्हणून अमेरिकेनं १९९६ साली अशा वेष्टणांवर बंदी घातली. तिथल्या कारागिरांना जुना साठा पुरवून वापरावा लागला, नाहीतर कागद आणि पातळ पत्र्यावर भागवावं लागलं.

विकत घ्यायचं म्हटलं तरी कटकटी आहेतच. रेझिनचा मारा सोसून सिलिकॉनचा साचा काही डझन नगांतच झिजतो. आधी बकलं बोथट होतात, मग कडा फाटतात. हवेचे बुडबुडे नेमके पट्ट्याच्या टोकाशी अडकतात. रेझिन घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क लावावा लागतो. बनवणारा बहुतेकदा एकटाच. त्यानं हात आखडता घेतला की ती वळकटी बाजारातून गेलीच.

आता थ्रीडी छपाई आलीय. संगणकात कापड खऱ्या मापानं, खऱ्या वजनानं लोंबवायचं आणि मग लहान करून छापायचं. गणित सुटलं! छपाईच्या थरांच्या रेघा तेवढ्या घासून काढायच्या. माझी काळजी वेगळीच आहे. नेमका एका रणगाड्याच्या पाठीवर बसणारा तयार ढीग मिळाला की हजार शर्मनांवर तीच वळकटी, त्याच कोनात. युद्धातल्या फोटोंत मात्र दोन रणगाड्यांची बांधाबांध सहसा जुळत नाही. ती त्या पाच माणसांच्या सवयींनी ठरायची: रोज लागणारं वर, क्वचित लागणारं खाली, आणि बुरूज फिरताना काही आड येऊ नये, झाकण उघडताना काही अडू नये. तयार ढिगात चुण्या बिनचूक असतात, पण बुरूज फिरवला की कधीकधी तो वळकटीला अडतो. अशा रणगाड्यावर एक दिवससुद्धा कुणी राहिलं नसतं.