काखमांजरी पुन्हा पुन्हा येते तेव्हा

काखेत गळू आलं की आपल्याकडे शेक, पोटीस आणि ‘अंगात उष्णता फार’ हे निदान ठरलेलं. बहुतेकदा ते फुटतं, वाळतं. काहींना मात्र काखमांजरी दर काही महिन्यांनी गाठते. कधी जांघेत, कधी स्तनांखाली. मग गळवं आतून एकमेकांना जोडली जातात आणि त्या बोगद्यांतून पू झिरपत राहतो. हा हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा.

फ्रेंच शल्यविशारद व्हर्नॉय यांनी १८५४ मध्ये याचं खापर घामाच्या ग्रंथींवर फोडलं, आणि तो समज फार काळ टिकला. खरी सुरुवात होते केसाच्या मुळाच्या तोंडाशी. तिथल्या पेशी वाढून केराटिन या त्वचेतल्या प्रथिनाचं बूच बसतं, मागे पिशवी फुगते आणि त्वचेच्या आतच फुटते. पिशवीबाहेर सांडलेलं केराटिन शरीराला रुतलेल्या काट्यासारखं परकं वाटतं. प्रतिकारशक्ती तुटून पडते आणि दाह विझतच नाही. म्हणजे जंतू हे मूळ कारण नव्हे, अस्वच्छता तर नव्हेच. रोग संसर्गजन्यही नाही. तरी रुग्ण लाजेपोटी वर्षानुवर्षं गप्प राहतात.

असंच बूच पाठीवरच्या गाठीगाठींच्या उग्र मुरुमांत आणि टाळूवर पू धरून टक्कल पाडणाऱ्या एका विकारातही सापडतं. पिल्सबरी, शेली आणि क्लिगमन या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९५६ मध्ये या तिघांना एकत्र आणलं. १९७५ मध्ये माकडहाडाजवळचा पायलोनिडल सायनसही त्यात आला. दुसऱ्या महायुद्धात जीपमध्ये आदळत बसणाऱ्या अमेरिकी सैनिकांना ग्रासणारा, तोच हा. तिथे सुटे केस बाहेरून त्वचेत घुसतात, त्यामुळे या कुटुंबातलं त्याचं स्थान मला जरा सोयरिकीतलंच वाटतं. पण एकाच माणसाला यातले दोन-तीन विकार होतात हे खरं. अडचण अशी, की माकडहाडासाठी सर्जन, मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञ, जांघेसाठी आणखी कुणी; सगळ्या जागा एकत्र कुणी पाहतच नाही.

नुसतं चिरून पू काढल्यास तात्पुरता आराम पडतो. बोगदा राहतो, म्हणून त्याचं छतच कापून उघडावं लागतं. धूम्रपान आणि वाढलेलं वजन यांचा रोगाशी संबंध दिसतो. दाहाचा टीएनएफ हा रेणू अडवणाऱ्या अॅडॅलिमुमॅब या इंजेक्शनला २०१५ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी मान्यता मिळाली. मात्र हाच रेणू सुप्त क्षयाला आवर घालत असतो. त्यामुळे भारतात तरी हे इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी टाळून चालत नाही.