महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच संबंध येतो, मग एचआयव्ही टाळणारी गोळी रोज घ्यावी लागते का?

समजा, साकोलीतला एक तरुण आहे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तो बसने नागपूरला जातो, तिथे एका पुरुषाला भेटतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. कधी कंडोम वापरला जातो, कधी नाही.

आता समजा, लाखांदूर तालुक्यात एक महिला आहे. तिचा नवरा कामासाठी बाहेरच्या राज्यात असतो. तो दिवाळीला आणि धानाच्या कापणीला घरी येतो. तिकडे त्याचं वागणं कसं आहे, हे तिला ठाऊक नाही. कंडोमचा विषय काढला तर 'माझ्यावर संशय घेतेस का?' असा प्रश्न येईल, ही भीती आहे.

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची एक गोळी असते, हे दोघांनीही मोबाईलवर पाहिलं आहे. दोघांचा प्रश्नही एकच आहे. संबंध इतका क्वचित येत असेल, तर गोळी रोज घ्यायची का?

प्रश्न एक असला, तरी दोघांसाठी उत्तर वेगळं आहे. रीलमध्ये पाहिलेलं वेळापत्रक सगळ्यांना लागू होतं असं समजलं, तर नेमकी इथेच चूक होऊ शकते.

ही गोळी काय करते?

या उपायाला 'प्रेप' म्हणतात. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गोळीत टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं असतात. एचआयव्हीचा विषाणू शरीरातल्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो. ही औषधं ते काम अडवतात, त्यामुळे विषाणूला शरीरात कायमचं ठाण मांडता येत नाही.

अमेरिकेत २०१२ मध्ये या गोळीला प्रतिबंधासाठी मंजुरी मिळाली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओ) जास्त जोखीम असलेल्या सर्वांसाठी प्रेपची शिफारस केली. नेमून दिल्याप्रमाणे गोळी घेतली, तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होते, असं अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी सांगते.

ही लस नाही. औषध शरीरात पुरेशा प्रमाणात असेल, तेवढाच काळ संरक्षण मिळतं.

'दोन-एक-एक' पद्धत काय आहे?

क्वचित संबंध येणाऱ्या पुरुषांसाठी रोजच्या गोळीला पर्याय आहे. तो असा:

- संबंधाच्या २ ते २४ तास आधी एकदम २ गोळ्या
- त्या पहिल्या डोसनंतर २४ तासांनी १ गोळी
- पहिल्या डोसनंतर ४८ तासांनी आणखी १ गोळी

म्हणजे एका भेटीला ४ गोळ्या. भेट लांबली, तर रोज एक गोळी सुरू ठेवायची आणि शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस घ्यायची. उदाहरणार्थ, शनिवारी संध्याकाळी ६ वाजता २ गोळ्या घेतल्या आणि संबंध शनिवारी रात्री व रविवारी रात्रीही आला, तर रविवारी, सोमवारी आणि मंगळवारी ६ वाजता एकेक गोळी. एकूण ५ गोळ्या.

या पद्धतीची चाचणी फ्रान्स आणि कॅनडात ४०० पुरुष व ट्रान्सजेंडर महिलांवर झाली. तिचं नाव 'इपरगे'. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. खोटी गोळी घेणाऱ्या गटात १४ जणांना लागण झाली होती, तर खरी गोळी मिळालेल्या गटात २ जणांना. धोका ८६ टक्क्यांनी घटला होता.

त्यावर एक शंका घेतली गेली. त्या चाचणीतले लोक महिन्याला सरासरी १५ गोळ्या घेत होते. मग अगदी क्वचित गोळी घेणाऱ्याला संरक्षण मिळतं का? २०२० मध्ये याच चाचणीतल्या कमी वेळा संबंध आलेल्या लोकांची आकडेवारी वेगळी तपासली गेली. हे लोक महिन्याला साधारण साडेनऊ गोळ्या घेत होते. त्यांच्यात खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ६ जणांना लागण झाली होती, खरी गोळी घेणाऱ्यांपैकी एकालाही नाही.

साकोलीच्या तरुणाला या पद्धतीचा विचार करता येतो, पण दोन अटींवर. भेट होणार हे किमान दोन तास आधी माहीत हवं. आणि घरी परतल्यावरच्या दोन गोळ्या चुकता कामा नयेत. 'आता तर होऊन गेलं' म्हणून त्या सोडल्या, तर संरक्षण अर्धवट राहतं. भेटी अचानक ठरत असतील किंवा आठवड्यातून दोन-तीनदा होत असतील, तर रोजची गोळी सोपी पडते.

महिलांना ही पद्धत का चालत नाही?

टेनोफोविर गुदमार्गाच्या पेशींमध्ये चांगलं साठतं. योनीमार्गाच्या पेशींमध्ये ते कमी पोहोचतं आणि टिकतंही कमी काळ. शिवाय महिलांना दोन-एक-एक पद्धतीने संरक्षण मिळतं, हे चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही.

म्हणून डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये ही पद्धत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी सुचवली आणि २०२२ मध्ये ती जन्मतः पुरुष असलेल्या इतरांनाही लागू केली. त्यात स्त्रीशी संबंध ठेवणारे पुरुषही आले. मात्र महिला, इस्ट्रोजेनसारखी हार्मोन्स घेणाऱ्या ट्रान्सजेंडर महिला आणि सुईने नशा करणारे यांच्यासाठी रोजचीच गोळी सांगितली जाते.

मग लाखांदूरच्या महिलेने वर्षभर गोळी घ्यायची का? तसं नाही. तिचा जोखमीचा काळ ठराविक आहे आणि तो आधी कळतो. डब्ल्यूएचओच्या मार्गदर्शनानुसार संबंधाच्या किमान ७ दिवस आधी रोज एक गोळी सुरू करायची, तो काळ संपेपर्यंत रोज घ्यायची आणि शेवटच्या संबंधानंतर आणखी ७ दिवस सुरू ठेवायची. सीडीसीच्या मते योनीमार्गातल्या संबंधांसाठी पूर्ण संरक्षणाला सुमारे २१ दिवस लागतात. त्यामुळे नवरा येण्याची तारीख कळली, की जितकं लवकर डॉक्टरांशी बोलता येईल तितकं चांगलं.

इथे 'रोज' हा शब्द महत्त्वाचा आहे. आफ्रिकेत महिलांवर झालेल्या फेम-प्रेप आणि व्हॉईस या दोन मोठ्या चाचण्यांत गोळीचा फायदा दिसला नाही. रक्त तपासल्यावर कारण कळलं: बहुतेक जणी गोळ्या नियमित घेतच नव्हत्या. उलट भारतात २०१६ च्या सुमारास कोलकात्यातल्या सोनागाचीत आणि म्हैसूरमध्ये देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या संघटनांनीच रोजच्या प्रेपचा प्रकल्प चालवला, तेव्हा बहुतेक महिलांनी गोळ्या नियमित घेतल्या.

गोळीची गरज नाही, असं कधी म्हणता येतं?

दोघांचीही तपासणी झालेली असेल आणि दोघांचेही इतर जोडीदार नसतील, तर प्रेपची गरज नाही. कंडोम दर वेळी आणि नीट वापरला जात असेल, तरी जोखीम फार कमी होते.

जोडीदार एचआयव्हीबाधित असेल, पण नियमित उपचाराने त्याच्या रक्तात विषाणू सापडत नसेल, तर त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही.

म्हणजे संबंध किती वेळा येतो, एवढं मोजून भागत नाही. जोडीदाराची तपासणी झाली आहे का, कंडोम खरोखर वापरला जातो का आणि भेट आधी कळते का, हेही पाहावं लागतं.

सुरू करण्याआधी काय तपासायचं?

पहिली तपासणी एचआयव्हीची. आधीच लागण झालेली असताना ही गोळी घेतली, तर दोन औषधं उपचाराला अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना दाद देईनासा होऊ शकतो. मित्राच्या बाटलीतल्या गोळ्या परस्पर घेण्यातला हा सगळ्यात मोठा धोका.

दुसरी तपासणी मूत्रपिंडाची, म्हणजे क्रिएटिनिनची. तिसरी हिपॅटायटिस बी ची. हेच औषध त्या आजारावरही काम करतं, त्यामुळे ते मध्येच थांबवल्यावर यकृताचा त्रास उफाळू शकतो.

सुरुवातीला काहींना मळमळ, डोकेदुखी होते. ती सहसा काही आठवड्यांत कमी होते. गोळी सुरू असेपर्यंत साधारण दर तीन महिन्यांनी एचआयव्ही तपासणी करावी लागते. सिफिलिस, गनोरिया किंवा गर्भधारणा या गोळीने टळत नाही. त्यासाठी कंडोम लागतोच.

भंडाऱ्यात विचारायचं कुठे?

एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत मोफत होतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची हेल्पलाईन १०९७ टोल-फ्री आहे. नाव न सांगताही तिथे विचारता येतं.

प्रेपची गोळी मात्र सरकारी केंद्रांत सरसकट मोफत मिळत नाही. बहुतेकांना ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकत घ्यावी लागते. म्हणूनच महिन्याला ३० गोळ्या लागणार की ४, हा खर्चाचाही प्रश्न ठरतो.

लहान गावात मेडिकलवाला ओळखीचा असतो आणि दवाखान्यात शेजारी भेटतात. ही अडचण खरी आहे. पण कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि तपासणीचा निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्पष्ट केलं.

संबंध होऊन गेला असेल तर?

अशा वेळी प्रेपच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यासाठी 'पेप' हा वेगळा उपचार आहे. तो ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करावा लागतो आणि २८ दिवस घ्यावा लागतो. नागपूरहून रविवारी परतलेल्या तरुणाने पुढच्या शनिवारची वाट पाहिली, तर ही वेळ हातची निघून गेलेली असेल. सोमवारी सकाळीच दवाखाना गाठायला हवा.