ढगाला हुलकावणी

समजा, सूर्यग्रहण पाहायला तुम्ही पहाटे उठून डोंगर चढलात. ग्रहणाचा चष्मा लावला. आणि ऐन वेळी ढग आला! डोंगर काही बाजूला सरकवता येत नाही. पण आपण उभे आहोत ती जागाच चालणारी असेल तर?

1972 साली अमेरिकेतल्या ग्रहणवेड्यांनी हीच युक्ती लढवली. 10 जुलैचं खग्रास ग्रहण पाहण्यासाठी ‘ऑलिम्पिया’ नावाचं प्रवासी जहाज भर अटलांटिक महासागरात गेलं. आठशेहून जास्त प्रवासी! त्यांत कोण होतं, सांगू? नील आर्मस्ट्राँग! चंद्रावर पाऊल ठेवून त्यांना तीन वर्षं होत आली होती, आणि आता तोच चंद्र सूर्याला झाकणार होता. मला हे चित्र फार आवडतं.

चंद्राची गडद सावली पृथ्वीवर पडते ती साधारण शे-दीडशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात. खग्रास दिसतं ते तेवढ्यातच. पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणीच जास्त, त्यामुळे हा पट्टाही बराचसा समुद्रावरून जातो. अशा जहाजाचा कप्तान उपग्रहाने टिपलेले ढग पाहतो आणि जिकडे आभाळ मोकळं, तिकडे जहाज वळवतो.

सावलीचा पाठलाग मात्र जहाजाला जमत नाही. ते धावतं ताशी फार तर 40 किलोमीटर, आणि सावलीचा वेग हजारांत! 1973 साली आफ्रिकेवरून ‘काँकॉर्ड’ विमान सावलीबरोबर उडालं, तेव्हा आतल्या शास्त्रज्ञांना तब्बल 74 मिनिटं खग्रास मिळालं.

जहाजाच्या डेकवर मजा वेगळीच. साधी स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरा. तिच्या प्रत्येक भोकातून खाली एकेक चिमुकली सूर्यकोर पडते. कोरी बारीक होत जातात, वारा गार होतो, पाणी शिशासारखं राखाडी दिसू लागतं. मग क्षितिजाकडून सावली लाटांवरून धावत येते. समुद्रावर आड यायला ना झाड ना घर, म्हणून ती येताना दिसते! सूर्याची शेवटची ठिणगी हिऱ्याच्या अंगठीसारखी चमकते आणि विझते. सूर्य पूर्ण झाकला की, तेवढ्यापुरताच, चष्मा काढायचा. काळ्या चकतीभोवती पांढरं प्रभामंडल, जवळपास शुक्र, आणि खाली चारी दिशांना एकाच वेळी संध्याकाळ!

2 ऑगस्ट 2027 ला इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त वेळ खग्रास दिसेल. त्या दिवशी दुपारनंतर महाराष्ट्रातूनही चंद्र सूर्याचा छोटासा घास घेताना दिसू शकेल. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं ना? ही अमावास्या आषाढातली, म्हणजे दिव्यांची अवस. दिवे घासून-पुसून झाले की चाळणी घेऊन अंगणात या. ढग फाकले, तर फरशीवर ओळीने चावलेले सूर्य मोजता येतील.