स्वस्ताईची किंमत

सरकारी खरेदी हा विषय व्याख्यानासाठी ठेवला म्हणजे पुष्कळांना तो हिशेबनिसांच्या कचेरीतला वाटतो. निविदा, दरपत्रक, अनामत, देयक हे शब्दच असे रुक्ष आहेत की, ते ऐकताच सामान्य नागरिक पाठ फिरवतो. परंतु शाळेतील बाक, पाणी निवळण्याची तुरटी, रस्त्यावरची खडी आणि सरकारी दवाखान्यातील सलाइनची बाटली, या सर्व वस्तू कोणीतरी, कोणत्या तरी नियमाने, आपल्याच पैशाने विकत घेतलेल्या असतात. त्या अर्थी हा विषय आपल्या घरचाच आहे.

तरीही घरची खरेदी आणि सरकारी खरेदी यांत एक मूलभूत फरक आहे. गृहिणी बाजारात जाते तेव्हा पैसा तिचा, निवड तिची आणि माल वाईट निघाला तर भोगणारीही तीच. सरकारी खरेदीत पैसा करदात्याचा, निवड अधिकाऱ्याची आणि भोगणारा तिसराच कोणी, खाटेवरचा रोगी किंवा बाकावरचा विद्यार्थी. या तिघांमध्ये जी फट राहते तिच्यातूनच गैरव्यवहार शिरतात. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त सरकारी धन लाटण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत, म्हणजे ही चिंता आजची नव्हे.

या फटीवर राज्यकारभाराने शोधून काढलेला उपाय म्हणजे निविदा. काय हवे ते जाहीर करावयाचे, बंद लिफाफ्यात भाव मागवावयाचे, ते सर्वांसमक्ष उघडावयाचे आणि अटी पाळणाऱ्यांत ज्याचा भाव सर्वांत कमी त्याला काम द्यावयाचे. या पद्धतीचा मोठा गुण असा की, अधिकाऱ्याच्या आवडीनिवडीला तीत फारसा वाव उरत नाही. सर्वांत कमी भाव स्वीकारणाऱ्याला हिशेबतपासनीस सहसा जाब विचारीत नाही. दुसरा स्वीकारला तर मात्र त्याला खुलाशाचे कागद भरावे लागतात. मग सावध अधिकारी कोणती वाट धरील हे सांगावयास नको.

अडचण अशी की, भाव आकड्यात दिसतो, तसा कस दिसत नाही. याचा दारुण अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रोगी दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरविण्यासाठी हे औषध देतात. पुरवठा झालेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे मूत्रपिंडे निकामी करणारे विषारी द्रव्य निघाले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. आयोगाने दोष एकट्यादुकट्याच्या माथी मारला नाही. रुग्णालय, औषध प्रशासन आणि मंत्रालय अशा अनेक पायऱ्यांवर बोट ठेवले. तत्कालीन आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. तात्पर्य, खरेदी ही एका दिवशी लिफाफे उघडण्याची क्रिया नाही. गरज ठरविण्यापासून माल रोग्याच्या हाती पडेपर्यंत ती एक लांब साखळी आहे, आणि तिची एक कडी कच्ची असली तरी सारी साखळी तुटते.

ही साखळी नीट बांधता येते, हे तामिळनाडूने दाखवून दिले. त्या राज्याने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. तेथे प्रथम तांत्रिक लिफाफा उघडतात आणि त्यात उतरलेल्यांचाच भावाचा लिफाफा फोडतात. माल जिल्ह्याजिल्ह्यांतील कोठारांत येतो. प्रत्येक खेपेतील नमुने, उत्पादकाचे नाव झाकून, प्रयोगशाळेकडे जातात आणि कसोटीला उतरलेला मालच पुढे सरकतो. प्रत्येक रुग्णालयाकडे बँकेच्या पासबुकासारखी एक वही असते. ठरलेल्या रकमेत लागेल ते औषध त्याने उचलावे. भाव येथेही पाहिला जातो, पण तो परीक्षेनंतर. पुढे केरळ, राजस्थान यांनीही अशी महामंडळे काढली. महाराष्ट्रानेही २०२३ साली कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापले.

खाजगी कारखान्यांत तरी सर्व आलबेल असते काय? तेथे पैसा मालकाचा, म्हणून दक्षता अधिक, हे खरे. पण काटकसरीचा अतिरेक तेथेही अंगाशी येतो. जपानची टोयोटा कंपनी लागेल तेवढाच माल लागेल त्या वेळी मागविण्याबद्दल प्रसिद्ध आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी तिला ब्रेकचा एक छोटा वाल्व पुरविणाऱ्या आइसिन कंपनीच्या कारखान्यास आग लागली. जवळजवळ सारे वाल्व त्या एकाच ठिकाणाहून येत आणि साठा अगदी थोडा होता. पाहता पाहता टोयोटाचे मोटारींचे कारखाने थांबले. परंतु गंमत पुढेच आहे. इतर अनेक पुरवठादार धावून आले, आपापल्या यंत्रांवर तो वाल्व करू लागले आणि आठवड्याभरात काम पुन्हा सुरू झाले. एकाच दुकानावर विसंबण्याचा तोटा आणि पुरवठादारांशी जपलेल्या संबंधांचा फायदा, दोन्ही धडे त्या एका आगीने दिले.

आपल्याकडेही वारे बदलत आहे. केंद्र सरकारने २०१६ साली ‘जेम’ ही संगणकावरची सरकारी बाजारपेठ उघडली आणि दुसऱ्याच वर्षी पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय हे जुने खाते बंद केले. लिफाफे संगणकावर गेल्याने निविदा भरण्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजविणे कमी झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने आणखी एक पाऊल टाकले : बांधकामे व सेवा यांच्या काही निविदांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली. सर्वांत कमी भाव हाच सर्वांत चांगला, या समजुतीला सरकारनेच घातलेली ही मुरड आहे. अर्थात गुणवत्तेला गुण देणारा पुन्हा माणूसच. म्हणून ते गुण का दिले, हे उघड असले पाहिजे. यंत्र लिफाफा सांभाळील. विक्रेत्यांनी आधीच संगनमत केले असेल तर ते हुडकण्याला माणसाचीच नजर हवी.

एक दुखणे मात्र जुनेच आहे, ते म्हणजे उशिरा मिळणारे पैसे. लघुउद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. तरी देयकाची वाट पाहून थकलेले कारखानदार गावोगाव भेटतील. उशीर होणार हे ठाऊक असलेला पुरवठादार त्याचे व्याज भावात धरतो, नाही तर मालात काटतो. प्रामाणिक असतो तो पुढच्या वेळी निविदाच भरीत नाही. म्हणजे वेळेवर पैसे देणे हाही गुणवत्ता राखण्याचाच एक मार्ग ठरतो.

नागरिकाच्या हाती काय आहे? माहितीचा अधिकार २००५ पासून त्याच्या हाती आहे. आपल्या नगरपालिकेत, शाळेत, दवाखान्यात माल आला म्हणजे आपण फार तर ‘केवढ्याला घेतला?’ एवढेच विचारतो. त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारावेत : तो कोणी तपासला, तपासणीचा अहवाल कोठे आहे, आणि पुरवठादाराला पैसे कधी मिळाले? या तीन प्रश्नांची उत्तरे जेथे फळ्यावर लावलेली असतील, तेथे स्वस्त माल खरोखरच स्वस्त पडेल.