आधी बॅटरीची तार काढा

1986 च्या मे महिन्यातली गोष्ट. मुंबईचे लग्न आटोपून आम्ही सारे नाशिकला परतत होतो. गाडी वडिलांची, प्रीमियर पद्मिनी, दुसऱ्या हाताची. कसाऱ्याचा घाट निम्मा चढलो असू-नसू, तोच बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. थांबत, पाणी घालत घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजले. सकाळी ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर तिला काळ्या तेलाऐवजी दुधाळ, चहाच्या रंगाचा साका लागलेला. इंजिनात तेल आणि पाणी एक झाले होते. हेड गॅस्केट गेले होते.

मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. इंजिनाचा उभा छेद पुस्तकात पाहिला होता, परीक्षेत तो काढून मार्कही मिळवले होते. मिस्त्रीला उगाच पैसे कशाला द्यायचे, असे म्हणत मी पाने घेऊन अंगणात उतरलो. इंजिन पुन्हा एकदा सुरू करून खात्री केली आणि ते गरम असतानाच हेडचे नट एका टोकापासून ओळीने सोडत गेलो. हेड जागचे हलेना. मग फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून तरफ दिली. हेड सुटले, पण ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत अंगावर दोन खोल चरे उठले.

त्यानंतर तळाचे तेल काढायचे होते. गाडीचे तोंड जॅकवर उचलले, शेजारी विटा रचल्या आणि धाकटा भाऊ खाली सरकला. तेल धरायला पातेले घ्यायचे राहिले म्हणून तो पुन्हा बाहेर आला आणि स्वयंपाकघराकडे गेला. तेवढ्यात जॅक कलला, विटा फुटल्या आणि गाडी धप्पकन खाली बसली. भाऊ पातेले हातात घेऊन दारात उभा होता. आई काही बोलली नाही. ती बोलली नाही, हेच मला अजून आठवते.

वडिलांनी चपला घातल्या आणि ते मिस्त्रींना आणायला गेले.

मिस्त्री सायकलवरून आले. साठीच्या आसपासचे, खाकी शर्ट, खिशात चिंधी. इंजिनात डोकावण्याआधी त्यांनी बॅटरीची अर्थची तार काढली आणि ती बाजूला बांधून ठेवली. मग मला म्हणाले, “भाऊ, हे पहिलं काम. बाकीचं सगळं नंतर.” डाव्या हाताचे बोट त्यांनी पुढे केले. बोटाभोवती अंगठीच्या जागी भाजल्याचा पांढरा वळ होता. तरुणपणी पाना बॅटरीच्या टोकाला लागला, अंगठी बॉडीला टेकली आणि क्षणात सोने लाल झाले. बॅटरी बारा व्होल्टचीच असते, शॉक बसत नाही, म्हणून माणूस बेफिकीर राहतो. पण तिच्यातून शेकडो अँपिअरचा प्रवाह एका झटक्यात वाहू शकतो. अर्थची तार आधी का, तर ती निघाली की पाना चुकून बॉडीला लागला तरी मंडल पुरे होत नाही. जोडताना तीच सर्वांत शेवटी. घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी आधी काढून ठेवायची.

त्या संध्याकाळी आणि पुढचे तीन दिवस मिस्त्रींच्या हाताखाली मी जे शिकलो, ते कॉलेजच्या चार वर्षांत कुणी शिकवले नाही.

पहिला धडा जॅकचा. “जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही,” असे ते म्हणत. जमीन सपाट आणि टणक हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून गुटके हवेत. गाडी उचलली की तिच्याखाली लोखंडी घोड्या लावायच्या, गाडीचे वजन त्यांच्यावर उतरवायचे, अंगाने जोर लावून ती हलते का पाहायचे आणि मगच खाली जायचे. वीट भिंतीत पुष्कळ भार सोसते, पण एका कोपऱ्यावर दाब आला की क्षणात फुटते. फुटण्याआधी ती सूचना देत नाही. इंजिन उतरवताना साखळीच्या पुलीला टांगतात, तेव्हाही हाच नियम. टांगलेल्या वजनाखाली हात, पाय, डोके काही घालायचे नाही. आंब्याच्या फांदीला इंजिन टांगणारे शूर लोक मी पाहिले आहेत. फांदी किती भार घेईल, हे मात्र त्यांतल्या एकालाही सांगता आले नसते.

दुसरा धडा उष्णतेचा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडायचे नाही. बंद रेडिएटरमध्ये दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. झाकण फिरवले की दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येते. हेडचेही तसेच. आमच्या गाडीचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. असे हेड गरम असताना आणि एका बाजूने सोडले, की त्याला बाक येतो. इंजिन पुरते गार होऊ द्यायचे, नट बाहेरच्या टोकांकडून मध्याकडे, प्रत्येकी अर्धा-पाऊण फेरा असे टप्प्याटप्प्याने ढिले करायचे. बसवताना उलट, मध्यापासून बाहेर, आणि शेवटची ताण टॉर्क पान्याने मोजून. हेड चिकटून बसले असेल तर लाकडी मोगरीने हलके ठोकायचे, फटीत पोलाद घालायचे नाही. माझे हेड लेथवाल्याकडे जाऊन सपाट होऊन आले. मिस्त्रींना देण्याचे पैसे वाचवायला निघालो होतो, त्याहून अधिक तिथे मोजले.

तिसरा धडा आगीचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि कुठे ठिणगी भेटते का ते शोधते. कार्ब्युरेटर उतरवण्याआधी पेट्रोलची नळी बंद करायची. विडी-काडी दूर ठेवायची, उघडा बल्ब जवळ आणायचा नाही, वाळूची बादली हाताशी ठेवायची. सुटे भाग धुवायला रॉकेल. पेट्रोल कधीच नाही.

चौथा धडा मला सर्वांत आवडला. तो होता क्रमाचा. मिस्त्रींनी आधी बाहेरून सगळे इंजिन रॉकेल-ब्रशने धुऊन काढले, कारण बाहेरची माती आत गेली तर बेअरिंग खाते. मग बुटाच्या खोक्याचे झाकण घेतले, त्याला आठ भोके पाडली, आकडे घातले आणि निघालेला एकेक पुशरॉड त्याच्या आकड्यात खोचला. ज्या वॉल्व्हचा जो रॉड, तो तिथेच परत जायला हवा. वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून त्या जोड्या जुळलेल्या असतात. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांचे तर याहून कडक. एकाची टोपी दुसऱ्याला बसवली तर इंजिन काही किलोमीटरांत ओरडू लागते. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी पहिला पिस्टन वर आणून खुणा केल्या. वायरींना चिकटपट्टीवर नंबर दिले. पद्मिनीत ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन. तो त्यांनी दाराच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवला. वॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबून सोडवताना डोळ्यांवर चष्मा घातला. दबलेली स्प्रिंग निसटली तर ती गोळीसारखी सुटते. आणि उघड्या भोकांत चिंध्या कोंबताना त्या मोठ्याने मोजल्या. “नऊ घातल्या, नऊ निघाल्या पाहिजेत.”

या गाडीबद्दल दोन शब्द. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट 1100 वरून ही गाडी घडू लागली. चार सिलिंडर, 68 मिलिमीटर व्यास, 75 मिलिमीटर धाव, 1089 सीसी. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे. म्हणूनच दोन पिढ्यांचे मिस्त्री तिच्यावर शिकले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले, हळहळ व्यक्त झाली. मला मात्र ते खोक्याचे झाकण आठवले.

आजच्या गाड्या वेगळ्या आहेत. फ्युएल इंजेक्शनच्या नळीत इंजिन बंद केल्यावरही दाब असतो; तो उतरवल्याशिवाय जोड सोडला तर पेट्रोलची पिचकारी अंगावर येते. कित्येक इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात. हायब्रीड आणि विजेच्या गाडीतल्या नारिंगी केबलना तर घरच्या माणसाने हातच लावू नये. तिथे बारा व्होल्ट नसतात, जीव घेण्याइतका दाब असतो. खुणा करायला मात्र आता मोबाइल आहे. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घ्यावा, नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर नाव लिहावे.

घरात मुले आणि कुत्री-मांजरे असतील त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. रेडिएटरमधले हिरवे किंवा गुलाबी कूलंट चवीला गोडसर असते आणि ते विष आहे. ते उघड्या बादलीत ठेवू नये, गटारात ओतू नये. वापरलेले इंजिन ऑइल हातांना वारंवार लागणे त्वचेला घातक असते, म्हणून हातमोजे घालावेत. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ते खरवडताना ओले करावे, फुंकर मारू नये. आणि बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

इतके सगळे वाचून कुणी म्हणेल, मग आपण इंजिनाला हात लावूच नये का? मला तसे वाटत नाही. यंत्र उघडून पाहण्यात मोठा आनंद आहे आणि तो मुलांनाही मिळावा. फक्त घाई अंगणाच्या फाटकाबाहेर ठेवावी, आणि जे येत नाही ते येणाऱ्याला विचारावे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नऊ चिंध्या मोजून झाल्या. मिस्त्रींनी सगळ्यात शेवटी अर्थची तार जोडली आणि चावी माझ्या हातात न देता भावाच्या हातात दिली. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झाले. आईने चहा आणला. कपबशी घेताना मिस्त्री वडिलांना एवढेच म्हणाले, “साहेब, पोरगं हुशार आहे तुमचं. आधी घोड्यांची एक जोडी घेऊन द्या त्याला.”

वडिलांनी दुसऱ्याच दिवशी ती आणली. गाडी पुढे विकली गेली, मिस्त्रीही आता नाहीत. घोड्यांची जोडी मात्र अजून माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी मुलगी तिच्या गाडीखाली काय आहे ते पाहायला निघाली, तेव्हा मी त्या माळ्यावरून काढल्या, पुसल्या आणि तिच्या पुढ्यात ठेवल्या. तिने हातातले घड्याळ आधीच काढून खिडकीत ठेवले होते.